८०जीची पावती, नवी करप्रणाली आणि देणगीचा महिना

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी आमचं एक छोटं वसतिगृह आहे. दसरा-दिवाळी उरकली की आई-बाप कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मुली आमच्याकडे राहायला येतात. हंगाम संपेपर्यंत त्यांचं जेवणखाण, शाळा, आजारपण सगळं आमच्याकडे. मी तिथली खजिनदार. आधी बँकेत कॅशियर होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवसापासून फोन येतात, ८०जीबद्दल, म्हणजे दिलेल्या देणगीची काही रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या प्राप्तिकराच्या कलमाबद्दल. "ताई, ८०जी राहिलं का गेलं?" विचारणारी माणसं चांगली आहेत, वर्षानुवर्षं देणारी आहेत. पण अर्धवट ऐकलेल्या बातमीवरून कुणी देणगी थांबवतं, कुणी घाईघाईत देतं, कुणी नको त्या ठिकाणी देतं. त्यांच्यासाठी जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे सलग लिहून ठेवते आहे.

सुरुवात लातूरच्या एका काकांपासून करते. निवृत्त अभियंते, वय सत्तरच्या घरात. दर मार्चला पंचवीस हजारांचा चेक, सोबत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी. गेल्या वर्षी चेक आला नाही, फोन आला. आवाजात संकोच होता. म्हणाले, "मुलानं मला नव्या करप्रणालीत टाकलंय. आता ८०जी मिळत नाही म्हणतो. काय करू?"

मी त्यांना वही-पेन घ्यायला लावलं आणि फोनवरच हिशेब केला. जुन्या प्रणालीत दर जास्त पण वजावटी मिळतात, नवीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत. पेन्शन आणि व्याज धरून त्यांचं वर्षाचं उत्पन्न ११ लाख. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट (पगार-पेन्शनवर सरसकट मिळणारी), ८०सीचे म्हणजे बचत-गुंतवणुकीचे दीड लाख, आरोग्य विम्याचे ५० हजार, ठेवींच्या व्याजाचे ५० हजार वजा केले की उरतात ८ लाख. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम वजा होते, म्हणजे पंचवीस हजारांतले साडेबारा हजार. त्यावर २० टक्के कर आणि त्या करावरचा ४ टक्के उपकर वाचतो. किती? २,६०० रुपये. काका क्षणभर गप्प झाले. त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं "पंचवीस हजार करमुक्त" असं काहीतरी बसलेलं होतं.

मग दुसरी बाजू मांडली. हे २,६०० धरूनही २०२५-२६ च्या दरांनी जुन्या प्रणालीत त्यांना ७०,२०० रुपये कर पडला असता. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, म्हणून कर शून्य. "काका, ८०जी गेलं म्हणून तुमचे २,६०० गेले. पण प्रणाली बदलली म्हणून ७०,२०० वाचले." त्या दिवशी संध्याकाळीच त्यांचा चेक पोस्टात पडला.

तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात, हे आधी बघा

८०जी कलम कायद्यातून गेलेलं नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ते १९६८ पासून होतं, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात तीच तरतूद कलम १३३ म्हणून आली आहे. बदललं ते वेगळंच. २०२० च्या अर्थसंकल्पात कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली दुसरी प्रणाली आली. तेव्हा ती ऐच्छिक होती. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली, म्हणजे तुम्ही काही कळवलं नाही तर तुम्ही आपोआप तिच्यात. आणि तिच्यात देणगीची वजावट नाही. कुणी ८०जी रद्द केलं नाही, पण बहुतेक मध्यमवर्गीय करदाते त्या कलमाच्या खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेले. आमच्या पावत्यांवर त्याचा परिणाम या कारणानं झाला.

पगारदार किंवा पेन्शनर असाल, धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नसेल, तर दर वर्षी विवरणपत्र भरताना जुनी की नवी हे निवडता येतं. मात्र विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. मुदत चुकली की जुनी प्रणाली हातची गेली आणि तिच्यासोबत देणगीची वजावटही. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना असं दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा जुनी घेऊन परत नव्यात आलात की साधारणपणे दार बंद. त्यांनी सीएला विचारल्याशिवाय हलू नये.

कंपनीला दिलेल्या कागदांत जुनी प्रणाली लिहिली होती म्हणून विवरणपत्रातही तीच आपोआप येईल, असं समजू नका. भरताना डोळ्यांनी तपासा.

देणगीसाठी जुन्या प्रणालीत राहावं का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका देणगीदार मुलीनं हे मला फार मनापासून विचारलं होतं. पगार १५ लाख, घराचं कर्ज फिटलेलं. तिला वाटत होतं की वजावट सोडणं म्हणजे संस्थेला सोडणं. मी तिचाही हिशेब मांडला, कारण हा हिशेब प्रत्येकानं एकदा तरी स्वतःच्या हातानं करावा असं मला वाटतं.

नव्या प्रणालीत १५ लाखांतून ७५ हजार गेले की १४,२५,०००. त्यावर २०२५-२६ च्या दरानं उपकरासह ९७,५०० रुपये कर. जुन्या प्रणालीत ५० हजार, दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार गेले की १२,७५,०००. त्यावर २,०२,८०० रुपये. फरक १,०५,३०० रुपयांचा. आता हा फरक देणगीनं भरून निघेल का? आमच्यासारख्या संस्थेला दिलेली देणगी मोजताना एक मर्यादा असते: इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्के. तिच्या बाबतीत १,२७,५००. त्याच्याही निम्मे वजा होणार, ६३,७५०. त्यावर वाचणारा कर १९,८९० रुपये. याहून जास्त कितीही दिलं तरी एक रुपयाही जास्त वाचत नाही.

म्हणजे सव्वा लाख रुपये देऊनही तिला जुन्या प्रणालीत पंच्याऐंशी हजारांचा तोटाच होता. घरकर्जाचं व्याज, घरभाडे भत्ता अशा मोठ्या वजावटी असतील तर चित्र वेगळं होऊ शकतं. पण नुसत्या ८०जीसाठी जुन्या प्रणालीत थांबणं बहुतेकांना परवडत नाही, आणि त्यानं संस्थेचंही भलं होत नाही. मी तिला सरळ सांगितलं, नव्या प्रणालीत जा आणि वाचलेल्या पैशातून जे द्यावंसं वाटेल ते दे.

जुन्या प्रणालीत असाल तर

सगळ्या देणग्या सारख्या नसतात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, पीएम केअर्स, राष्ट्रीय संरक्षण निधी यांना दिलेली पूर्ण रक्कम वजा होते, १० टक्क्यांची मर्यादाही नाही. आमच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थांना दिलेली निम्मी, आणि तीही त्या मर्यादेत. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या देणगीवर जास्त कर वाचतो, म्हणून आम्हाला देऊ नका, असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटत नाही. पुराच्या वर्षी तिकडेच गेलं पाहिजे.

संस्था निवडताना एक गोंधळ कायम दिसतो. पावतीवर धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि देणारा समजतो की झालं. ती नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची, राज्याची. तिचा तुमच्या वजावटीशी संबंध नाही. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी १२एबी नोंदणी वेगळी, आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी ८०जीची मान्यता आणखी वेगळी. गणेश मंडळाच्या वर्गणीची पावती, सोसायटीच्या सत्यनारायणाची पावती यांना यातलं काहीच नसतं.

२०२० च्या वित्त कायद्यानं जुन्या संस्थांनाही मान्यता पुन्हा घ्यायला लावली, तीही पाच वर्षांपुरती. नवीन संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मिळते. त्यामुळे "यांचं ८०जी आहे" एवढं पुरत नाही. तुम्ही दिलं त्या तारखेला मान्यता चालू होती का, हे बघा. पत्राची प्रत मागा. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही.

रोख २,००० रुपयांपर्यंतच द्या. ही मर्यादा आधी १०,००० होती, २०१७-१८ पासून खाली आली. ५,००० रोख दिलेत तर त्यातल्या २,००० ची वजावट मिळेल असं नाही, पूर्ण ५,००० वगळले जातात. धान्य, गाद्या, कपडे, पुस्तकं यांनाही वजावट नाही. तरी आमच्याकडे दरवर्षी एक शेतकरी दोन पोती ज्वारी आणून टाकतात आणि पावतीसाठी थांबतही नाहीत.

आणि पॅन द्या. "पॅन कशाला हवं, पैसे तर चेकनं दिलेत," असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. २०२१-२२ पासून प्रत्येक संस्थेला वर्षभराच्या देणग्यांची यादी देणगीदाराच्या ओळख क्रमांकासह प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते (१९६१ च्या कायद्यात हा फॉर्म १०बीडी), वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क. ती यादी भरल्यावर तुमच्या नावाचं प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्यात फॉर्म १०बीई) निघतं. वजावट मागताना आता आमच्या हातानं लिहिलेल्या पावतीपेक्षा या प्रमाणपत्राला महत्त्व आहे.

पहिल्या वर्षी या कामात माझ्या हातून चूक झाली. एका सरांनी चेकच्या मागे पॅन लिहिला होता, आणि त्यांचा ७ मला १ वाटला. यादी गेली. प्रमाणपत्र निघालं ते चुकीच्या क्रमांकावर. सरांनी वजावट मागितली, ती जुळली नाही, त्यांना खात्याकडून विचारणा आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, कधी चूक झाली नव्हती. सुधारित यादी भरता येते, ती भरली आणि सगळं मार्गी लागलं, पण सरांना ज्या दोन महिन्यांचा त्रास झाला तो माझ्यामुळे झाला. तेव्हापासून मी पॅन कार्डाचा फोटो मागते आणि यादी भरण्याआधी प्रत्येकाला त्याचं नाव, क्रमांक, रक्कम वाचून दाखवते. तुम्हीही जून महिन्यात संस्थेकडून प्रमाणपत्र मागून घ्या आणि तीन गोष्टी तपासा: पॅन, रक्कम, आर्थिक वर्ष. विवरणपत्र भरून झाल्यावर चूक सापडण्यापेक्षा हे सोपं आहे.

एक गोष्ट कडक शब्दांत लिहिते. "एक लाखाचा चेक द्या, पंच्याण्णव हजार रोख परत घ्या, पावती पूर्ण लाखाची" असं सांगणारे दलाल आहेत. काही जण राजकीय पक्षांच्या नावावर हे करतात, काही संस्थांच्या. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्यानं खोट्या वजावटींवरून देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. पण पकडले जाल म्हणून नव्हे, तर अशा प्रत्येक खोट्या पावतीमुळे दिल्लीत "देणगीची वजावट म्हणजे पळवाट" हा युक्तिवाद बळकट होतो, म्हणून सांगते. त्याची किंमत खऱ्या संस्था मोजतात.

अर्थसंकल्पाची बातमी कशी वाचावी

वजावट काढावी असं म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. दर कमी ठेवायचे तर सवलती कमी हव्यात, कायदा साधा हवा, हे मलाही पटतं. शिवाय या वजावटीत एक अन्याय आहेच. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं आम्हाला २०,००० दिले तर त्याचे ३,१२० वाचतात. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या शिक्षिकेनं तेवढेच दिले तर ५२०. तिला ती रक्कम जास्त जड जाते, आणि सरकारचा हातभार तिलाच कमी. ब्रिटनमध्ये १९९० पासून वेगळी पद्धत आहे: करदात्यानं १०० पौंड दिले की संस्थाच सरकारकडून २५ पौंड वर घेते. माझ्या मते आपल्याकडे चर्चा व्हायला हवी ती अशा पद्धतीची. अमेरिकेत २०१७ च्या कायद्यानं प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली आणि देणगीची वेगळी वजावट मागण्याचं कारणच बहुतेक कुटुंबांना उरलं नाही. तिथे २०२६ पासून अशा कुटुंबांनाही १,००० डॉलर, जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट परत दिली आहे. म्हणजे गेलेली सवलत परत येऊ शकते. आपल्याकडेही नव्या प्रणालीत छोट्या देणगीला जागा द्या, असं आपल्या खासदारांना लिहायला हरकत नाही. मी लिहिलं आहे.

बातमी वाचताना मी दोनच गोष्टी शोधते. पहिली, कधीपासून लागू. १ फेब्रुवारीला भाषणात आलेलं विधेयकात असतं, संसदेत त्यात दुरुस्त्या होतात, आणि बहुतेक बदल पुढच्या १ एप्रिलपासून लागतात. त्यामुळे फेब्रुवारीतल्या मथळ्यावरून याच मार्चची देणगी बदलण्याचं सहसा कारण नसतं. दुसरी, बदल नेमका कशाला लागू आहे: दराला, प्रणालीला, संस्थेच्या नोंदणीला की एखाद्या निधीच्या नावाला. २०२३ मध्ये ८०जीतल्या निधींच्या यादीतून तीन नावं वगळली गेली, जवाहरलाल नेहरू स्मारक निधी, इंदिरा गांधी स्मारक ट्रस्ट आणि राजीव गांधी फाउंडेशन. तेव्हा मला निदान दहा जणांनी विचारलं की "तुमचंही गेलं का?" त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता.

कधीकधी नियम देणाऱ्याच्या बाजूनं आणि पटकन बदलतात. करोनाच्या सुरुवातीला, ३१ मार्च २०२० च्या अध्यादेशानं २०१९-२० सालच्या ८०जीच्या देणग्यांची मुदत ३० जूनपर्यंत वाढवली होती. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. १ ते ६ ऑक्टोबर १९९३ या सहा दिवसांत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला दिलेल्या पैशांचा उल्लेख १९६१ च्या कायद्याच्या ८०जीमध्ये तारखांसह होता. लातूरच्या काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "त्या सहा दिवसांत मी पण दिले होते. पावती कुठे होती कुणाकडे."

आणि आता महिन्याचं

आमच्या वर्षाच्या देणग्यांतला मोठा वाटा मार्चमध्ये येतो, कारण कराचं वर्ष मार्चला संपतं. आणि आमचा खर्च कधी असतो? मुली येतात नोव्हेंबरात. पहिल्या आठवड्यातच तूरडाळ, तेलाचे डबे, गहू, साबण, वह्या, थंडीच्या चादरी. तेव्हा खात्यात पैसे नसतात, म्हणून किराणा उधारीवर येतो. दुकानदार भला माणूस आहे, पण उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा वरचाच असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे येतात तेव्हा अर्ध्या मुलींच्या घरचे परतीच्या वाटेला लागलेले असतात.

वजावट तुम्हाला लागूच नसेल, तर ३१ मार्च ही तारीखही तुम्हाला लागू नाही. नव्या प्रणालीतल्या प्रत्येक देणगीदाराला मी हेच सांगते: तुमच्या संस्थेला विचारा, तुम्हाला पैशांची सगळ्यात जास्त नड कोणत्या महिन्यात असते? शाळा चालवणारी संस्था जून म्हणेल, पाण्यावर काम करणारी पावसाळ्याच्या आधीचे महिने सांगेल, आम्ही नोव्हेंबर म्हणू. त्या महिन्यात द्या. किंवा बँकेत महिन्याची स्थायी सूचना लावा. दरमहा हजार रुपये आले तर मला वर्षाचं किराणा सामान ठरवून, भाव करून घेता येतं. जुन्या प्रणालीत असाल तरी नोव्हेंबरात दिलेल्या देणगीची वजावट त्याच आर्थिक वर्षात मिळते, एक पैसाही कमी होत नाही. शेवटच्या आठवड्यात यूपीआय अडकलं, चेक वटायला वेळ लागला, पावतीवर एप्रिलची तारीख पडली, ही कटकटही राहत नाही.

प्रणाली कोणतीही असो, पावती घ्या आणि पॅन द्या. पुढच्या वर्षी तुम्ही जुनी प्रणाली निवडाल किंवा कायदा बदलेल, तेव्हा कागद हाताशी असतील. आणि आमचे हिशेब स्वच्छ राहायला त्याची मदत होते.

लातूरच्या काकांचा चेक या वर्षी दिवाळीच्या आधी आला, पंचवीसऐवजी तीस हजारांचा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, "तेल-डाळ रोखीनं घ्या." घेतली. पंधरा किलोचे चार डबे आणि पन्नास किलो तूरडाळ, बिल माझ्या फाइलमध्ये लावलेलं आहे आणि त्याची एक प्रत त्यांना पाठवली आहे.